बेचाळीस घरांची डीव्हीडी

माणसाने एक वेळ दुसऱ्याच्या भांडणात पडावं, पण स्वतःच्या मुलीच्या लग्नाची फिल्म स्वतः कापायला बसू नये, असं बू रुक्मीचं मत होतं आणि ते ती नवऱ्याला दिवसातून तीनदा ऐकवत होती. नवऱ्याचं, म्हणजे पाक मुर्तिजोंचं (आपल्याकडे मानाने पुरुषाला 'पाक' आणि बाईला 'बू' म्हणतात), मत वेगळं होतं. ज्याने क्लातेन गावच्या पाटबंधारे कचेरीत सत्तावीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढले, कुठलं पाणी कुठे वळवायचं ते ठरवलं, त्याला सात तबकड्यांतलं लग्न एका तबकडीत वळवणं म्हणजे काय मोठं? दोन दिवसांचं काम.

हे दोन दिवसांचं काम त्यांनी मनातल्या मनात ठेवलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण थोरल्या वेनिंगचं लग्न झालं, दुसऱ्या दिवशी मांडव उतरवायला अख्खी गल्ली जमली, आणि पाक मुर्तिजोंना गहिवरून आलं. ते खुर्चीवर चढले. "आपल्या गल्लीतल्या बेचाळीसच्या बेचाळीस घरांना या लग्नाची डीव्हीडी मिळेल," ते म्हणाले. "आणि ती मी माझ्या हाताने बनवणार!" टाळ्या पडल्या. टाळ्यांनी भल्याभल्यांचं वाटोळं केलंय, तिथे पाटबंधारे कचेरीचं काय!

बरं, शब्द दिला तोही ज्यांना दुखवून चालणार नाही अशा माणसांना. आपल्या गल्लीत लग्न पैशाने होत नाही, माणसांनी होतं. तीन दिवस आधी बायका विळ्या घेऊन येतात, पुरुष बांबू घेऊन येतात, आणि त्या सगळ्यांवर सेनापती म्हणून येते बू पाइनाह. वय अडुसष्ट, आवाज खणखणीत, हातात वल्ह्याएवढा उलथना. तीस वर्षांत या गल्लीतलं एक लग्न तिच्या चुलीशिवाय लागलेलं नाही. आणि पाक मुर्तिजोंची धाकटी, लारास, चारच महिन्यांनी, बेसार या लग्नसराईच्या महिन्यात, बोहल्यावर चढायची होती. गल्ली बिनसली तर लारासच्या लग्नात पाचशे माणसांसमोर पाक मुर्तिजोंना स्वतःच कांदा चिरत बसावं लागलं असतं.

शूटिंग केलं होतं मेहुण्याने, सेमारांगच्या गातोतने. त्याचा कॅमेरा थेट तळहाताएवढ्या छोट्या डीव्हीडीवर उतरवतो. अर्ध्या तासाची एक, अशा सात तबकड्या. पाक मुर्तिजोंनी कचेरीतून रजा टाकली, वेनिंगच्या प्रबंधासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवरची लेसची चादर काढली, आणि पहिली तबकडी आत सारली.

पहिल्या दोन गुण्यागोविंदाने उतरल्या. तिसरीवर ओरखडा निघाला. शेजारचे पाक जुमेनो कुंपणावरून हे सगळं बघत होते. त्यांचं एके काळी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्या पुण्याईवर ते अजून सल्ले देतात.

"टूथपेस्ट लावा," ते म्हणाले.

"डीव्हीडीला?"

"मग काय कॉम्प्युटरला? आतून बाहेर चोळायची, गोल नाही. माझ्या भाच्याने लावली, तबकडी नव्यासारखी झाली."

पाक मुर्तिजोंनी लावली. तबकडी खरंच चालली हो! फक्त नंतर आठवडाभर कॉम्प्युटरमधून पुदिन्याचा वास येत होता, आणि पाक जुमेनो गल्लीभर सांगत फिरले की मुर्तिजोंची फिल्म मीच वाचवली.

सहावी तबकडी मात्र उघडेचना. कॉम्प्युटर म्हणे, ही कोरी आहे. सेमारांगला फोन केला तेव्हा कळलं की भरलेली तबकडी कॅमेऱ्यातच 'बंद' करावी लागते, नाहीतर दुसरं कुठलंच यंत्र तिला ओळख देत नाही, आणि गातोत ती बंद करायला विसरला होता.

"काय होतं रे तिच्यात?" पाक मुर्तिजोंनी विचारलं.

"विशेष काही नाही, भावजी. मी तेव्हा स्वयंपाकाकडे जेवायला बसलो होतो. कॅमेरा चालूच राहिला. कांदेबिंदे असतील."

"मग मरू दे," पाक मुर्तिजो म्हणाले. हे तीन शब्द त्यांना पुढे फार महागात पडले.

आता कापाकापी. कलाकार माणूस आणि कारकून माणूस एकाच देहात राहत असले की काय होतं ते बघा. कलाकार म्हणाला, लोक एकामागून एक येऊन नवरानवरीशी हात मिळवतायत, हे तासभर कोण बघणार? काढा. गल्लीप्रमुख पाक कास्मुदींचं भाषण बावीस मिनिटं? त्यातला नमस्कार आणि धन्यवाद तेवढा ठेवा. कारकुनाने हुकूम पाळला. मग दृश्यं बदलताना पान उलटतंय, बदाम उमलतोय, गुलाबी धुकं पसरतंय, अशी कलाकुसर झाली. साडेतीन तासांचं लग्न अडतीस मिनिटांवर आलं. पाक मुर्तिजोंनी ते पाच वेळा पाहिलं आणि पाचही वेळा त्यांचे डोळे पाणावले, थोडे मुलीच्या आठवणीने आणि थोडे स्वतःच्या कर्तबगारीने.

राहिलं काय, तर बेचाळीस प्रती काढणं. एका प्रतीला वीस मिनिटं. पण घराला वीज नऊशे वॅटची. कॉम्प्युटर चालू असताना पाण्याचा पंप लागला की दिवे डोळे मिचकावायचे, आणि त्यात इस्त्री लागली की खट्! मेन स्विच खाली. चौथी प्रत ब्याण्णव टक्क्यांवर असताना बू रुक्मीने भाताचा विजेचा कुकर लावला.

"अगं थांब! ब्याण्णव! ब्याण्णव झालं होतं!"

"भात कच्चा खाणार आहात का?"

"आठ टक्के! आठ टक्के कळ काढता येत नाही तुला?"

"सत्तावीस वर्षं काढतेय," बू रुक्मी म्हणाली आणि मेन स्विच वर करायला गेली.

अकरा तबकड्या अशा फुकट गेल्या. शेवटी घरात लेखी वेळापत्रक लागलं, नऊ ते अकरा इस्त्री बंद, पंप बंद, कुकर बंद. लारास दोन आठवडे चुरगळलेले कपडे घालून बँकेत कामाला गेली. पण बेचाळीस डब्या तयार झाल्या, प्रत्येकीवर वेनिंगचा फोटो, खाली झोकदार अक्षरांत 'संकलन: मुर्तिजो'. ते घरोघर स्वतः वाटून आले. त्या दिवशी त्यांची चाल कुणी बघावी! पाटबंधारे खात्याचे मुख्य अभियंते असे चालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बशी आली.

आपल्याकडे तक्रार कधी तोंडाने येत नाही, बशीतून येते. समोरचा माणूस काहीतरी तळून आणतो, अर्धा तास हवापाण्याचं बोलतो आणि उठता उठता 'सहज आठवलं म्हणून' काटा टोचतो. केवढा टोचणार हे पदार्थावरून ओळखायचं. तळलेली केळी म्हणजे किरकोळ कुरबुर. केळीच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे लेम्पेर आले की प्रकरण गंभीर. आणि थराथरांचा लापिस केक, अंगावर काटा आणणारी गोष्ट, कारण त्याला वीस अंडी लागतात आणि वीस अंडी कुणी उगाच फोडत नाही.

दुपारपर्यंत टेबलावर केळ्यांच्या सात बशा होत्या.

"फिल्म फार सुंदर हो," तिसऱ्या घरची बाई म्हणाली. "बदाम तर किती छान. आमचे हे म्हणाले, आपण त्या दिवशी गेलो होतो ना नक्की? मी म्हटलं, गेलो होतो की. हे म्हणाले, मग दिसत नाही ते. असो. केळी गरम आहेत तोवर खा."

संध्याकाळी लेम्पेर सुरू झाले. मांडव घालणाऱ्यांनी लेम्पेर पाठवले, वाढपी मंडळींनी पाठवले, आणि दिवेलागणीला खुद्द पाक कास्मुदी अख्खा लापिस घेऊन दारात उभे राहिले. तासभर बसले. ऊस कसा आलाय, डास किती झालेत, सगळं बोलून झालं. मग चपला घालता घालता म्हणाले, "नऊ सेकंद. बायकोने घड्याळ लावून मोजलं. बायका काय हो, काहीही मोजतात."

पाक मुर्तिजोंना तेव्हा कुठे कळलं. लोकांना लग्न बघायचंच नव्हतं, लग्नातले आपण बघायचे होते! आणि तेच नेमके त्यांनी वेचून वेचून फेकून दिले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बू पाइनाहकडून काय आलं?" त्यांनी हळूच विचारलं.

बू रुक्मी मटकन खुर्चीत बसली. "काहीच नाही."

"केळीसुद्धा नाहीत?"

"काहीच नाही म्हणतेय ना! आणि आज भाजीच्या गाडीवर म्हणत होती, गुडघे फार दुखतायत, बेसार महिन्यात उभं राहवेल असं वाटत नाही."

गुडघे दुखतात या वाक्याचा अर्थ न समजण्याइतके दोघंही परके नव्हते. ज्या बाईने तीन दिवस चूल सांभाळली, तिचा फिल्ममध्ये पदरसुद्धा नव्हता. लारासने आतून डोकावून विचारलं, "बाबा, माझं लग्न पळून जाऊन करू का? तुम्हाला सोपं पडेल."

त्या रात्रीच्या जेवणाला, म्हणजे उरलेल्या लेम्पेरांना, बसल्या बसल्या पाक मुर्तिजोंनी निर्णय घेतला. आता अख्खं लग्न दाखवायचं, साडेतीन तासांचं, एक सेकंद न कापता, आणि सगळ्या गल्लीला सभागृहात बसवून, भिंतीवर, मोठ्ठं. पण त्यासाठी सहावी तबकडी हवी होती. कांद्यांची.

शनिवारी ती तबकडी रुमालात बांधून, छातीशी धरून ते बसने सेमारांगला गेले. गातोतने तबकडी कॅमेऱ्यात घातली. पडद्यावर एकाखाली एक दोन ओळी आल्या, 'तबकडी बंद करा' आणि 'तबकडी पुसा'. गातोतला जवळचा चष्मा लागतो, पण तो लावत नाही, कारण त्याच्या मते त्याने तो म्हातारा दिसतो.

"दाबतो," तो म्हणाला.

"थांब! काय दाबतोयस?"

"बंद करा."

"ते खालचं आहे, गाढवा! ते पुसा आहे!"

गातोतचं बोट बटणापासून तांदळाच्या दाण्याएवढं दूर होतं. पाक मुर्तिजोंनी त्याचा हात मनगटाशी धरला, स्वतःचा चष्मा काढून मेहुण्याच्या नाकावर चढवला, आणि मगच सोडला. तबकडी चार मिनिटांत बंद झाली. एवढ्यासाठी जाऊन येऊन सात तास बस. परतीच्या वाटेवर त्यांनी ती एकदाही मांडीवरून खाली ठेवली नाही.

आता प्रोजेक्टर. तो असतो ग्रामकचेरीत, आणि मिळतो अर्जावर, आणि अर्जावर हवा गल्लीप्रमुखाचा शिक्का. पाक कास्मुदींनी अर्ज दोनदा वाचला, एकदा उलटा धरूनही वाचला.

"शिक्का आहे हो," ते म्हणाले. "पण शाई वाळली."

"कधी ओली होईल?"

"शाईचं काय सांगावं."

"भाषण पूर्ण घेतलंय," पाक मुर्तिजो म्हणाले.

"पूर्ण?"

"बावीस मिनिटं. मधल्या खोकल्यासकट."

पाक कास्मुदींनी खण उघडला. शाई एवढी ओली निघाली की शिक्क्याचा ठसा अर्जाच्या मागल्या बाजूलाही उमटला.

रविवारी सकाळी गटारं साफ करायला गल्ली जमते. पुढच्या आठवड्यात ते उरकून, पाय धुऊन सगळे सभागृहात आले. खिडक्यांना चटया लावून अंधार केला. आणि काय सांगू महाराजा! आयुष्यभर कालवे खोदले तरी असा पूर येत नाही. हात मिळवणाऱ्यांची रांग सुरू झाली आणि प्रत्येक माणसागणिक आरोळी. "ए, पाक जुमेनो बघा, पोट आत घेतलंय!" "अगं तुझा अंबाडा!" "तो बघा दुसऱ्यांदा रांगेत आलाय, दुसऱ्यांदा!" तासभर चाललेल्या त्या रांगेत एक मिनिट कुणी जागचं हललं नाही. पाक कास्मुदींचं भाषण लोकांनी मुकाट्याने ऐकलं, कारण स्वतः पाक कास्मुदी पहिल्या रांगेत मान डोलावत होते.

मग सहावी तबकडी. भिंतभर चूल पेटली. कांद्याचे डोंगर, नारळाचे ढीग, बायकांची खिदळ, आणि मधोमध पदर खोचलेली बू पाइनाह, पुरुषभर उंच, उलथना फिरवतेय. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाक मुर्तिजोंनी मागे वळून पाहिलं. बू पाइनाह नुकतीच येऊन शेवटच्या बाकावर बसली होती, चेहरा दगडाचा.

"कांदा जाड चिरलाय," ती म्हणाली. पाच मिनिटांनी उठली आणि लंगडत घरी निघून गेली.

बाकी गल्लीने पाक मुर्तिजोंना जवळजवळ खांद्यावर घेतलं. अख्ख्या फिल्मची प्रत प्रत्येकाला हवी होती. एका घरी दोन तबकड्या, म्हणजे चौऱ्याऐंशी. पण पाक मुर्तिजोंच्या कानांत फक्त जाड कांदा होता. "आता आणखी काय करायचं राहिलं?" ते बायकोला विचारत राहिले.

सोमवारी दुपारी बू पाइनाह स्वतः दारात आली. रिकाम्या हाताने. बशी नाही, डबा नाही. युद्धसुद्धा आपल्याकडे निदान सोयाबीनचं तेम्पे तळून पुकारतात.

ती खुर्चीत बसली, गुडघे चोळले आणि म्हणाली, "मुर्तिजो, ती दुसरी लाव. छोटी. नवरीची."

"ती... ती तुम्हाला दिली होती ना, बू?"

"दिली होतीस. उशाशी आहे. लावू कशावर, तव्यावर? माझ्या घरी यंत्र आहे का?"

पाक मुर्तिजोंनी बायकोकडे पाहिलं, बायकोने त्यांच्याकडे. बेचाळीस डब्या वाटल्या, आणि लावायला यंत्र आहे का, एवढं एकालाही विचारलं नव्हतं!

"म्हणजे तुम्ही... रागावला नव्हता?" बू रुक्मीने चाचरत विचारलं.

"कशाबद्दल?"

"तुम्ही म्हणालात, गुडघे दुखतात."

"दुखतातच! अडुसष्ट वर्षांचे आहेत. दुखत नसते तर दुखतात असं कशाला म्हणेन?"

पाक मुर्तिजोंनी तबकडी लावली. बदाम उमलला, त्यातून वेनिंग आली, पायघोळ, सोनेरी, मान खाली घातलेली. बू पाइनाह पुढे सरकली.

"अशी दिसत होती होय!" ती म्हणाली. "काल म्हटलं आता नवरी बघायला मिळेल, तर भिंतभर माझंच थोबाड. ते काय मला नवं आहे? तीस वर्षं या गल्लीतल्या सगळ्या पोरींची लग्नं लावली मी, मुर्तिजो, पण एकही पाहिली नाही. मला फक्त ऐकू येतं. वाद्यं मोठी झाली की समजायचं, नवरा आला, भात उतरवा. मग एकदम सगळे हसतात, तेव्हा नवऱ्याने विधीचं अंडं पायाखाली फोडलेलं असतं. त्यावर मी रस्सा वाढायला घेते. ते अंडं फुटताना कसं दिसतं ते मला माहीत नाही."

पडद्यावर नवऱ्याने अनवाणी पाय उचलला. या जागी पाक मुर्तिजोंनी कला केली होती, दृश्य अगदी संथ केलं होतं, आणि त्यावरून पाक जुमेनोंनी त्यांची भरपूर टिंगल उडवली होती. पाय हळूहळू खाली आला. अंडं चिरलं, पिवळा बलक बोटांच्या फटींतून सावकाश वर आला. मग वेनिंग गुडघ्यांवर बसली आणि नवऱ्याचा पाय धुऊ लागली.

"हे एवढं हळू कुणी केलं?"

"मी केलं, बू," पाक मुर्तिजो म्हणाले.

"फार चांगलं केलंस. परत लाव."

त्यांनी अंडं सहा वेळा फोडलं. बू पाइनाह डोळे पुसत होती, बू रुक्मी पुसत होती, आणि पाक मुर्तिजो तर खुशाल रडत होते. गल्लीने नाकं मुरडलेली त्यांची फिल्म एक माणूस पहिल्या बदामापासून शेवटच्या गुलाबी धुक्यापर्यंत मन लावून बघत होता, आणि तेही या गल्लीत ज्याच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन तो माणूस. कालवे, नकाशे, सत्तावीस वर्षांची नोकरी, या दुपारपुढे सगळं फिकं होतं.

उठताना ती म्हणाली, "लारासच्या लग्नाला मला उंच स्टूल दे. बसून ढवळेन. आणि अंड्याच्या वेळी हाक मार."

बेसार महिन्यात लारासचं लग्न लागलं. नवऱ्या मुलाने, सेत्योने, अंड्यावर पाय उचलला, एवढ्यात पाक मुर्तिजो पाचशे माणसांसमोर ओरडले, "थांबा!" वाद्यं थांबली. विधी सांगणारी बाई आ वासून बघत राहिली. पाक मुर्तिजो स्वयंपाकाकडे वळून गरजले, "बू पाइनाह! अंडं!" सेत्यो एका पायावर, लारासच्या खांद्याला धरून, डुलतोय. खुर्च्यांच्या मधून बू पाइनाह निघाली, पदराला हात पुसत, एकेक पाऊल सांभाळत, कारण गुडघे खरंच दुखत होते. गातोत चष्मा लावून शूटिंग करत होता. तीन मिनिटं लागली तिला. त्या तीन मिनिटांतला एक सेकंदही पाक मुर्तिजोंनी पुढे फिल्ममधून कापला नाही. पाक कास्मुदींनी उठून आपली पहिल्या रांगेतली खुर्ची दिली. ती बसली, पदर सारखा केला आणि नवऱ्या मुलाकडे बघून म्हणाली, "हं. आता फोड."